उणे वीस अंशांत तापणारे इंजिन

काश्मीरमधील गुलमर्ग किंवा हिमाचल प्रदेशातील सोलांग येथे हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांना ‘स्नो स्कूटर’ या नावाने माहीत झालेले वाहन म्हणजे स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे चाकांच्या जागी एकच रुंद रबरी ट्रॅक आणि मध्ये दुचाकीचे हँडल व आसन अशी रचना असलेले हे वाहन, माणूस जेथे कंबरेपर्यंत रुततो अशा बर्फावरून सहज निघून जाते. त्याच्याविषयीचे एक कोडे मात्र वरवर पाहून सुटत नाही. बाहेरचे तापमान उणे वीस अंश सेल्सिअस असताना आणि चहूकडे बर्फाशिवाय काहीही नसताना या वाहनाचे इंजिन भलतेच तापून बंद पडू शकते. शिवाय हा प्रकार चढावरच्या खोल, भुसभुशीत बर्फात क्वचितच घडतो, तो घडतो पायथ्याशी गोठून टणक झालेल्या सपाट वाटेवर, म्हणजे जेथे यंत्राला सर्वांत कमी श्रम पडत असावेत असे वाटते तेथे.

या कोड्याची उकल स्नोमोबाईलच्या मूळ रचनेतच आहे. या रचनेत बर्फाकडे तीन कामे सोपवलेली असतात: वाहनाचे वजन पेलणे, इंजिनाची उष्णता शोषून घेणे आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला घसरणाऱ्या भागांना ओलावा पुरवून घर्षण कमी करणे. यांपैकी एक जरी काम बर्फाकडून झाले नाही, तरी यंत्राचा प्रत्येक भाग निर्दोष असूनही ते बिघडू लागते. उंच डोंगरावर वापरल्या जाणाऱ्या स्नोमोबाईलच्या बाबतीत त्यात विरळ हवेची भर पडते. त्यामुळे तिची देखभाल झिजलेला भाग काढून नवा बसवण्यापुरती राहत नाही. त्या उंचीवरची हवा आणि त्या दिवशीचा बर्फ यांच्याशी यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घेणे हा तिचा गाभा असतो, आणि ज्या कारागिराला हे उमगलेले नसते तो सुटे भाग बदलत राहतो, तरी बिघाड परत येतच राहतो.

वजन पसरवणारा ट्रॅक

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील वालकोर्ट या गावचे जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए यांनी दातेरी चाकाने फिरणाऱ्या ट्रॅकच्या योजनेचे पेटंट १९३७ मध्ये मिळवले. त्याआधी तीन वर्षे, १९३४ च्या हिवाळ्यात, बर्फाने रस्ते बंद झाल्यामुळे त्यांच्या लहान मुलाला रुग्णालयात नेता आले नव्हते आणि तो दगावला होता. त्यांची सुरुवातीची वाहने अनेक प्रवासी बसतील एवढी मोठी होती. एक-दोन माणसांपुरती हलकी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये आली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पोलारिस कंपनीनेही १९५० च्या दशकातच अशी वाहने बनवण्यास प्रारंभ केला होता. सपाट, दाबलेल्या वाटांवर प्रवासी नेणारा जड प्रकार आणि रॉकी पर्वतासारख्या ठिकाणी खोल बर्फातून खडा चढ चढणारा ‘माउंटन’ प्रकार हे आता बरेच वेगळे झाले आहेत. माउंटन प्रकाराचा ट्रॅक लांब असतो. कंपन्या त्याचा घेर इंचांत सांगतात आणि १५४ किंवा १६५ इंच, म्हणजे सुमारे ३.९ ते ४.२ मीटर, हे आज सर्रास आढळणारे आकडे आहेत. त्याची रुंदी ३८ सेंटिमीटरच्या आसपास असून बाहेरच्या अंगावर सहा ते साडेसात सेंटिमीटर उंचीची रबरी पाती असतात, जी बर्फ मागे लोटून वाहनाला पुढे ढकलतात.

एवढ्या लांब ट्रॅकची गरज साध्या हिशेबाने पटते. वाहन, इंधन आणि पोशाखासह चालक यांचे एकत्रित वजन ३४० किलो धरले, ट्रॅकचा दीड मीटर भाग बर्फावर टेकला आणि दोन्ही स्कींनीही आपला वाटा उचलला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४० ग्रॅम एवढाच भार येतो. पंचाहत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा हाच भार ३७५ ग्रॅमच्या घरात जातो. जवळजवळ नऊ-दहा पटींच्या या फरकामुळेच माणूस रुततो आणि यंत्र तरंगते.

ट्रॅकच्या देखभालीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ताण आणि सरळपणा. ताण तपासण्यासाठी वाहनाचा मागचा भाग टेकूवर उचलून ट्रॅकच्या खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण सात किलोचे वजन टांगतात आणि ट्रॅक घसरपट्टीपासून, म्हणजे तो आतून जिच्यावर घासत जातो त्या प्लास्टिकच्या पट्टीपासून, किती खाली झुकतो ते मोजतात. बहुतेक ठिकाणी ही झुक तीन-चार सेंटिमीटरची अपेक्षित असते, परंतु नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो. ट्रॅक सैल राहिला तर ब्रेक दाबताना किंवा एकदम जोर लावताना दातेरी चाकाचे दात ट्रॅकच्या आतल्या खुंट्यांवरून उडी मारतात आणि खुंट्या तुटू लागतात. फार घट्ट केला तर घर्षण वाढते, चाकांच्या बेअरिंग लवकर जातात आणि इंजिनाची शक्ती बर्फापर्यंत पोहोचण्याआधीच खर्च होते. नवशिक्या हातांचा कल घट्ट करण्याकडे असतो, कारण सैल ट्रॅक डोळ्यांना दिसतो आणि घट्टपणाचे नुकसान दिसत नाही.

सरळपणा तपासताना ट्रॅक हवेत मंद गतीने फिरवून दोन्ही बाजूंना घसरपट्टी आणि खुंट्या यांतील अंतर सारखे आहे का ते पाहतात. ट्रॅक नेहमी सैल बाजूकडे सरकतो, म्हणून तो ज्या बाजूला गेला असेल त्याच बाजूचा मागचा बोल्ट थोडा थोडा आवळावा लागतो. हे काम चालू असताना वाहनाच्या मागे कोणीही उभे राहता कामा नये. फिरत्या ट्रॅकमधून निसटलेला खडा किंवा धातूचा तुकडा माणसाला गंभीर जखमी करू शकतो.

बर्फाकडून मिळणारे शीतन आणि वंगण

मोटारीच्या पुढच्या भागात जी जाळी, म्हणजे रेडिएटर, असते, तिच्यातून वारा वाहतो आणि इंजिनाभोवती फिरून आलेले शीतक द्रव्य थंड होते. बहुतेक माउंटन स्नोमोबाईलमध्ये असा रेडिएटर नसतो. ट्रॅकच्या वर अ‍ॅल्युमिनिअमचा लांब बोगदा असतो, त्याच्या छताला पोकळ उष्णता-विनिमयक बसवलेले असतात आणि शीतक त्यांतून वाहतो. ट्रॅक फिरताना उडणारा बर्फ या विनिमयकांच्या अंगावर आदळून वितळतो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे वितळणारा बर्फ गुपचूप प्रचंड उष्णता गिळतो. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. टणक गोठलेल्या वाटेवर ट्रॅक बर्फ उडवू शकत नाही, विनिमयक कोरडे राहतात आणि बाहेर कितीही थंडी असली तरी बोगद्यातल्या साचलेल्या हवेला इंजिनाची उष्णता वाहून नेता येत नाही.

घसरपट्ट्यांची गोष्टही हीच आहे. ट्रॅकच्या आत दोन लांब धातूपट्ट्यांच्या खाली विशेष प्रकारच्या कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि ट्रॅकवरच्या धातूच्या चिपा त्यांच्यावरून घासत जातात. सैल बर्फाचा चुरा मध्ये शिरतो, वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो, तोच या जोडीचे वंगण. बर्फ मिळाला नाही की काही किलोमीटरच्या आत प्लास्टिक मऊ होऊन चिपांना चिकटू लागते, आणि मग चालकाला जळक्या वासाबरोबर वाहन मागून कोणी धरून ठेवल्याची जाणीव होते. नव्या पट्टीच्या कडेला झिजेची मर्यादा दाखवणारी रेषा असते. हंगामापूर्वी आणि हंगामाच्या मध्यावर ती रेषा पाहणे हे दोन मिनिटांचे काम अनेकदा टाळले जाते आणि पुढे ट्रॅकच्या चिपाच धातूपट्टीवर घासू लागल्या की खर्च अनेक पटींनी वाढतो.

यावरचा उपाय स्वस्त आणि सोपा आहे. धातूपट्ट्यांच्या बाजूंना स्प्रिंगसारख्या लवचिक पोलादी काड्या लावतात, ज्या टणक वाटेला ओरखडत बर्फाचा भुगा वर उडवतात. खोल बर्फात त्या उचलून अडकवून ठेवता येतात. वाहन मागे घेण्यापूर्वी मात्र त्या उचलल्या आहेत याची खात्री करावी लागते, नाहीतर त्या वाकतात किंवा तुटतात.

शीतकाविषयी दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. पातळी खाली गेली म्हणून नुसते पाणी ओतत गेल्यास हे संरक्षण घटत जाते आणि एखाद्या कडाक्याच्या रात्री विनिमयक किंवा सिलिंडरचे आवरण तडकते. दुसरी सूचना हवेच्या बुडबुड्यांची. शीतकाची वाट वाहनाच्या पुढून मागेपर्यंत लांबच लांब असल्यामुळे शीतक बदलल्यावर तिच्यात हवा अडकते आणि जेथे बुडबुडा अडकतो तेथे शीतक फिरत नाही. म्हणून कारागीर शीतकाची टाकी सर्वांत उंच राहील अशा रीतीने वाहन तिरपे करतो, इंजिन मंद चालवतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहतो. दुरुस्ती झाल्यानंतरही तापणाऱ्या अनेक वाहनांत दोष शीतक पंपाचा नसतो, ही हवा काढलेली नसते.

विरळ हवा आणि काही ग्रॅमचा हिशेब

समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवेचा दाब सपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर असून तेथील रोपवेचे वरचे टोक ३,९०० मीटरहून उंच आहे, म्हणजे तेथे हा दाब ६२ टक्क्यांच्या आसपास येतो. इंजिनाच्या प्रत्येक घोटात जेवढा प्राणवायू कमी, तेवढे इंधन कमी जळते. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के शक्ती घटते, असा ठोकताळा कारागीर वापरतात. ही घट स्वीकारावी लागते, परंतु तिच्यामुळे होणारा दुसरा तोटा टाळता येतो आणि उंचीवरच्या सर्व्हिसिंगचे सारे कौशल्य तेथेच पणाला लागते.

त्यासाठी शक्तीच्या वाटचालीकडे पाहावे लागते. स्नोमोबाईलमध्ये गिअर बदलण्याचा दांडा नसतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विनागिअर स्कूटरच्या डाव्या बाजूच्या आवरणाखाली जो व्हेरिएटर आणि बेल्ट असतो, त्याचाच अधिक ताकदवान अवतार येथे काम करतो. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर पहिली कप्पी असते. तिच्या दोन तिरक्या तबकड्यांपैकी एक पक्की, तर दुसरी सरकणारी असते. इंजिन मंद असताना स्प्रिंग त्यांना दूर ठेवते, त्यामुळे बेल्ट मोकळा राहतो आणि वाहन जागचे हलत नाही. फेरे वाढले की कप्पीतल्या झुलत्या वजनांवर केंद्रोत्सारी बल येते, ती बाहेर फेकली जातात आणि सरकती तबकडी पक्क्या तबकडीकडे दाबतात. मिनिटाला साडेतीन ते चार हजार फेऱ्यांच्या सुमारास बेल्ट पकडला जातो आणि नंतर तबकड्या जवळ येत जातील तसा तो कप्पीच्या कडेकडे चढतो. बेल्टची लांबी ठरलेली असल्यामुळे दुसऱ्या कप्पीत तो तेवढाच आत ओढला जातो, म्हणजे आपोआप वरचा गिअर पडतो. चढ लागला की ट्रॅकवरचा विरोध दुसऱ्या कप्पीतल्या मळसूत्री उतारावर दाब आणतो, तिच्या तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट पुन्हा खालच्या गिअरकडे परततो.

या ओढाताणीचे उद्दिष्ट एकच असते: इंजिन जेथे सर्वाधिक शक्ती देते त्या फेऱ्यांवर त्याला धरून ठेवणे. मोठ्या टू-स्ट्रोक माउंटन इंजिनांत हा आकडा आठ हजारांच्या आसपास असतो. झुलत्या वजनांचा दाब त्यांच्या वस्तुमानाच्या आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हवेच्या दाबाशी त्याला काहीही देणेघेणे नसते. इंजिन उंचीवर दुबळे झाले, पण वजने तीच राहिली, तर ती पूर्वीइतक्याच जोराने वरचा गिअर टाकू पाहतात. दुबळ्या इंजिनाला तो ओढवत नाही, फेरे सात हजारांपर्यंत घसरतात आणि आधीच घटलेल्या शक्तीतला आणखी वाटा निष्कारण वाया जातो. उपाय म्हणजे प्रत्येक वजन काही ग्रॅमनी हलके करणे. काही वजनांत त्यासाठी पेच किंवा रिव्हेट बदलण्याची सोय असते, काही कप्प्यांवर बाहेरूनच फिरवता येणारे टप्पे असतात. तपासणीची पद्धत सरळ आहे: बेल्ट गरम झाल्यावर खोल बर्फात चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे मोजावेत, ते ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिले तर वजन घटवावे, वर गेले तर वाढवावे. हेच वाहन पुन्हा कमी उंचीवर नेले की वजने परत जड करावी लागतात, अन्यथा फेरे सुरक्षित मर्यादा ओलांडतात.

टर्बोचार्जरने हवा दाबून भरण्याचा मार्गही आता कारखान्यातून मिळतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक टर्बो दिला, आणि सुमारे २,४०० मीटरपर्यंत सपाटीवरची शक्ती टिकवणे हा त्याचा हेतू होता. मात्र त्यामुळे उष्णता, नळ्यांचे जोड आणि इंधनाची प्रत यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

उंचीमुळे फसवणारा आणखी एक आकडा येथे नोंदवला पाहिजे. सिलिंडर किती झिजला आहे हे पाहण्यासाठी स्पार्क प्लगच्या जागी मापक बसवून आतला दाब मोजतात. सपाटीवर १२० पौंड दर चौरस इंच दाखवणारे निरोगी इंजिन गुलमर्गच्या उंचीवर जेमतेम ९० दाखवते. पुस्तिकेतला आकडा तसाच धरणारा कारागीर चांगले इंजिन उघडून बसेल. दोन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हीच अधिक खरी कसोटी. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर मात्र इंजिन उघडणे योग्य ठरते.

बेल्ट काय सांगतो

तुटलेला बेल्ट बदलण्यास दहा मिनिटे लागतात आणि म्हणूनच तो का तुटला हे विचारायचे राहून जाते. वास्तविक जुना बेल्ट हा बिघाडाचा उत्तम साक्षीदार असतो. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर बेल्ट घसरत होता, म्हणजे तबकड्यांवर तेल उडाले असेल किंवा स्प्रिंग थकली असेल. एकाच ठिकाणी खोल जळका खड्डा असेल तर ट्रॅक जागच्या जागी अडकलेला असताना थ्रॉटल दिला गेला. रात्री ओला बर्फ ट्रॅकभोवती गोठला आणि सकाळी तो सुटा न करता वाहन काढले की हेच होते. एका बाजूची कड विस्कटून धागे निघाले असतील तर दोन्ही कप्प्या एका रेषेत नाहीत, आणि त्याचे कारण बहुधा इंजिनाखालच्या थकलेल्या रबरी आधारांत सापडते. या तिसऱ्या स्थितीत कितीही महागडा नवा बेल्ट घातला तरी तो त्याच रीतीने जातो.

उष्णता हा बेल्टचा खरा शत्रू आहे. इंजिन बंद करून थांबल्यावर दुसऱ्या कप्पीच्या तबकडीवर तळहात ठेवून पाहणे, ही जुन्या चालकांची रीत आहे; हात टिकत नसेल तर कप्प्यांची जुळणी किंवा चालवण्याची पद्धत चुकते आहे. तबकड्या स्पिरिटसारख्या तेलविरहित द्रावकाने पुसाव्यात, त्यांना ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये. नवा बेल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरपर्यंत सौम्यपणे वापरावा, म्हणजे त्याच्या बाजू तबकड्यांच्या तिरकसपणाशी जुळतात.

कप्प्यांच्या पुढे शक्ती ट्रॅकपर्यंत नेणारी साखळी बंद पेटीत तेलात फिरते. तिचे तेल दर हंगामाला बदलावे आणि काढलेल्या चुंबकी बुचावर किती धातूचा कीस चिकटला आहे ते पाहावे. बारीक करडा लेप स्वाभाविक असतो, चमकणारे तुकडे असतील तर पेटी उघडावी. काही माउंटन मॉडेलांत साखळीऐवजी दातेरी पट्टा असतो आणि तेथे तेलाचा प्रश्न उरत नाही.

थंड सिलिंडर, गरम पिस्टन

माउंटन प्रकारात टू-स्ट्रोक इंजिन टिकून राहिले ते हलकेपणामुळे. अशा इंजिनात पेट्रोलबरोबर जाणारे तेलच पिस्टनला आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला वंगण देते, म्हणून वेगळ्या टाकीतून तेल पुरवणारा पंप नीट चालणे ही जीवनमरणाची बाब ठरते. तेलाचा खप हंगामभर नोंदवत जावा. खप अचानक घटला तर त्यात बचतीचा आनंद नाही, तो पंप किंवा नळी तुंबल्याचा इशारा आहे.

थंडी दोन प्रकारांनी घात करते. पहिला प्रकार मिश्रणाचा. शून्य अंशावरच्या हवेपेक्षा उणे तीस अंशांची हवा सुमारे बारा टक्के अधिक घन असते. जुन्या वाहनांतला कार्ब्युरेटर हवेचे आकारमान ओळखतो, वजन ओळखत नाही, त्यामुळे अधिक प्राणवायूला पुरेसे पेट्रोल मिळत नाही, ज्वलन तापट होते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. म्हणून कडक थंडीत मोठ्या छिद्राचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी पेच, बसवावा लागतो आणि उंचीवर, विरळ हवेसाठी, लहान छिद्राचा. उंचीसाठी लावलेला लहान जेट न बदलता वाहन दरीत उतरवून थंड सकाळी पळवणे हा इंजिन गमावण्याचा हमखास मार्ग आहे. नवी इंधन-फवारणीची इंजिने हवेचा दाब आणि तापमान स्वतः मोजून हा हिशेब करतात.

दुसरा प्रकार घाईचा. पिस्टन आणि सिलिंडर यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास अंतर असते. पिस्टन ज्वलनाला थेट भिडलेला असल्यामुळे झटकन तापतो, सिलिंडरभोवती मात्र थंड शीतक असतो. सुमारे ८५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन सिलिंडरहून पन्नास अंशांनी अधिक तापला, तर तो जवळजवळ त्या अंतराएवढाच फुगतो आणि सिलिंडरला घासून अडकतो. म्हणून सकाळी सुरू केल्यावर शीतक कोमट होईपर्यंत इंजिन मंद चालू ठेवणे आवश्यक असते. उघडलेल्या इंजिनात पिस्टनच्या चार बाजूंना सारख्या ओरखड्यांच्या खुणा दिसल्या, तर कारागिराला ही घाई लगेच ओळखता येते.

चौकट : सुरू करण्यापूर्वीची पाच मिनिटे

वाहनाचा मागचा भाग उचलून खाली आपटावा, म्हणजे गोठलेला ट्रॅक सुटतो. थ्रॉटलचा खटका दाबून सोडावा आणि तो लगेच मागे येतो याची खात्री करावी, कारण केबलमध्ये गोठलेल्या पाण्याने तो उघडाच अडकू शकतो. ब्रेक दाबून पाहावा. कप्प्यांच्या आवरणाखाली बर्फ शिरलेला नाही आणि हवेच्या पेटीचे तोंड मोकळे आहे हे तपासावे. चालकाच्या अंगाला बांधलेली, तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी जोडावी आणि ती ओढून इंजिन खरोखर थांबते हे दररोज एकदा पाहावे.

डोंगरावरची दुरुस्ती

कार्यशाळेतल्या दुरुस्तीत वेळ असतो, डोंगरावर प्रकाश आणि ऊब दोन्ही संपत असतात. यंत्राने तासाभरात कापलेले अंतर खोल बर्फातून पायी परत कापण्यास पूर्ण दिवसही अपुरा पडू शकतो; हिमस्खलनाच्या उतारांचा धोका वेगळाच. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी वाहन उतारापासून दूर, सुरक्षित जागी आहे ना, हे प्रथम पाहावे. सोबत जादा बेल्ट, स्पार्क प्लग, कप्पी उघडण्याचे साधन, ओढण्याची दोरी, तार आणि मजबूत चिकटपट्टी असली तर बहुतेक बिघाड निभावून नेता येतात. भारतीय सैन्याच्या सियाचिनसारख्या ठिकाणी सामान आणि आजारी जवान वाहून नेणाऱ्या स्नो स्कूटरही याच मर्यादांत काम करतात, आणि तेथे एका बेल्टची किंमत पैशांत मोजता येत नाही.

फाटलेल्या बेल्टचे धागे पहिल्या कप्पीमागे गुंडाळले जातात आणि क्रँकशाफ्टच्या तेलरोधक सीलपर्यंत पोहोचतात. थंडीने हात बधिर झाले असले तरी हे धागे शेवटच्या तंतूपर्यंत काढावेत. सील फाटले तर त्यातून जादा हवा इंजिनात शिरते, मिश्रणातले पेट्रोल अपुरे पडते आणि दहा मिनिटांच्या आळसाची किंमत अख्ख्या इंजिनाने चुकवावी लागते. बर्फाखालच्या खडकावर स्की आदळली असेल तर दोन्ही स्कींच्या पुढच्या आणि मागच्या टोकांमधील अंतर मोजून पाहावे. स्कीला धरणारा त्रिकोणी बाहू वाकला असेल तर तो बदलणे तुलनेने सोपे असते. ज्या चौकटीला तो जोडलेला असतो ती तडकली असेल तर वाहन हळू, ओढून परत नेणेच शहाणपणाचे.

हंगाम संपल्यावर

स्नोमोबाईलचे सर्वाधिक नुकसान ती उभी असताना होते, हे विधान अतिशयोक्त वाटले तरी टू-स्ट्रोक इंजिनांच्या बाबतीत खरे आहे. वर्षातले सात-आठ महिने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगभोवती तेलाचा साठा नसतो, फक्त शेवटच्या फेरीतला पातळ थर असतो. उन्हाळ्यातल्या दमट हवेने त्यावर गंज धरला की पुढच्या हिवाळ्यात आठ हजार फेऱ्यांवर ती बेअरिंग फुटते आणि दोष मात्र थंडीला दिला जातो. म्हणून हंगामाच्या अखेरीस चालू इंजिनात साठवणीचे चिकट तेल फवारून ते बंद करतात; काही नवी इंजिने बटणाच्या ठरावीक क्रमाने हे काम स्वतः करतात. पेट्रोल टिकवणारे द्रव्य टाकीत मिसळून इंजिन काही मिनिटे चालवतात, म्हणजे ते नळ्यांतही पोहोचते. कार्ब्युरेटर असेल तर त्याची वाटी रिकामी करतात, नाहीतर सुकलेल्या पेट्रोलचा डिंक जेटचे बारीक छिद्र बुजवतो.

यानंतर बेल्ट काढून ठेवतात, ट्रॅकचा ताण उतरवून मागचा भाग टेकूवर घेतात आणि ट्रॅकच्या चाकांचे व सस्पेन्शनचे सांधे ताज्या ग्रीसने भरून आत शिरलेले पाणी बाहेर ढकलतात. ब्रेकचे द्रव हवेतला ओलावा शोषते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ते बदलतात. हवेच्या पेटीचे आणि धुराड्याचे तोंड जाळीने किंवा कापडाने झाकतात, कारण उंदरांना ही जागा घरट्यासाठी फार आवडते, आणि झाकलेल्या तोंडाची आठवण देणारी चिठ्ठी हँडलला बांधतात. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा इंजिन सुरू होते तेव्हा हे साठवणीचे तेल जळून दाट पांढरा धूर निघतो. तो ओसरल्यावर जुने स्पार्क प्लग काढून नवे बसवतात, शीतकाची पातळी पाहतात आणि त्यानंतरच बेल्ट पुन्हा कप्प्यांवर चढवतात.